लिनक्सची पैसेवारी

"सोमवारपासून मागच्या खोलीत कूलर राह्यतीन," अब्दुल गफ्फारांनी जेवता जेवता जाहीर केलं. "तुये डबे उचलून घे, साजिद."

साजिदचा घास हातातच राहिला. डबे म्हणजे त्याचे सहा कॉम्प्युटर आणि मागची खोली म्हणजे त्याचं 'स्पीड गेम झोन'. राजापेठेतल्या 'गफ्फार कूलर वर्क्स'च्या पुढच्या भागात दिवसभर पत्रा ठोकला जायचा, कूलरच्या ताट्यांमध्ये गवत भरलं जायचं. मधल्या दारातून मागे गेलं की साजिदचं राज्य सुरू. अकोल्यातल्या एका बंद पडलेल्या क्लासमधून त्याने हे कॉम्प्युटर आणले होते आणि गेली दोन वर्षं त्यांच्या जिवावर तो कुणापुढे मान खाली न घालता जगत होता.

त्याच्याकडे चालायचा तो एकच गेम, 'ट्रॅक्टर किंग'. दर्यापूर, परतवाड्याकडची कॉलेजची पोरं शिकायला अमरावतीत खोल्या करून राहायची. घरी कुणी शेताचं नाव काढलं तर ही पोरं उठून बाहेर जात, पण इथे येऊन तासन्‌तास नांगरटी करत. कारण या गेममध्ये पाऊस ठरल्या दिवशी पडायचा आणि सोयाबीन कधीच पिवळं पडत नसे.

पण या उन्हाळ्यात गेमलाच कीड लागली. ट्रॅक्टर अडखळायला लागला. चांगला सरळ चाललेला तो मध्येच थिजायचा आणि पुढच्या क्षणाला तिसऱ्या सरीत उगवायचा. पोरं वैतागली. "याच्यापेक्षा आमच्या बावाचा बैल बरा," असं म्हणून एकेक जण येईनासा झाला. मेच्या मध्यावर सहापैकी चार खुर्च्या रिकाम्या राहू लागल्या आणि कूलरचा सीझन भरात असताना पुढे पाय ठेवायला जागा उरेना. गफ्फारांच्या म्हणण्यात चूक काढायला साजिदलाही जागा नव्हती.

"अब्बा, डबे खराब नाईत," तो म्हणाला. "त्याच्यात जे विंडोज टाकलं हाय ना, ते जड होते त्याहिले. मी लिनक्स टाकतो. हलकं राह्यते. जुन्या मशीनवर गेम पळते त्याच्यात. मी चार नंबरवर टाकलं बी."

"केवढ्याचं हाय?"

"फुकट."

गफ्फारांनी बायकोकडे, हलीमाबींकडे पाहिलं. "फुकट! आयकलं? जी चीज फुकट वाटा लागते, तिच्यात काईतरी खोट असतेच. मी कधी कूलर फुकट देल्ला का कोनाले?"

"तुमी तं पंपाचा पाइपही फुकट नाई देत," हलीमाबी म्हणाल्या आणि त्यांनी साजिदच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

साजिद हट्टाला पेटला. खोली गेली तर धंदा गेला आणि धंदा गेला तर पुन्हा पुढे बसून पत्रा कापणं आलं. पत्रा त्याने तीन वर्षं कापला होता, उजव्या अंगठ्यावरची खूण अजून गेली नव्हती. "अब्बा, एक मौका द्या. एक डबा विंडोजचा, एक लिनक्सचा. बाजूबाजूले ठेवतो. लिनक्स हारलं तं मी सोताच्या हातानं डबे उचलतो."

"अन् जितलं तं?"

"तं खोली माई."

गफ्फार धंदेवाईक माणूस होते, पण दिल्या शब्दाला जागणारे होते. "मंजूर. रविवारी. पन हारजीत तू नाई सांगाची अन् मी बी नाई. देवरावले बोलावतो."

देवराव म्हणजे निवृत्त कृषी सहायक, गफ्फारांचे जुने मित्र. बत्तीस वर्षं त्यांनी दर्यापूर तालुक्यात पीक कापणीचे प्रयोग केले होते. शेतात दहा मीटर बाय दहा मीटरचा तुकडा आखायचा, त्यातलं पीक कापायचं, वजन करायचं आणि त्यावरून गावाची पैसेवारी निघायची. पुरं पीक आलं तर रुपया, अर्धं आलं तर पन्नास पैसे. पन्नासच्या आत गेलं की गाव दुष्काळी ठरायचं. मग वसुली थांबायची, पोरांची परीक्षेची फी माफ व्हायची. नोकरीच्या शेवटच्या दहा वर्षांत देवरावांनी पन्नासच्या वरचं पीक फारसं पाहिलंच नव्हतं, आणि त्या दहा वर्षांनी त्यांच्या कपाळावर एक कायमची आठी टाकली होती.

गंमत अशी, की साजिदच्या सहाही कॉम्प्युटरवर विंडोज टाकणारा माणूस देवरावांचाच मुलगा होता. ललित. कुठूनतरी आणलेली एकच सीडी घेऊन तो सगळ्या राजापेठेत फिरायचा. लिनक्स जिंकलं तर आपल्या हातगुणावर बोट येईल म्हणून तोही कंबर कसून उतरला.

रविवारी सकाळी अकरालाच ऊन असं पेटलं होतं, की रस्त्यावर कुत्रं दिसेना. देवराव आले ते मोजणीची टेप, एक रजिस्टर आणि चिठ्ठ्यांचा डबा घेऊन.

"जय भीम, गफ्फारभाई. प्लॉट कुठी हाय?"

"या या, सलाम. प्लॉट कायचा, कॉम्प्युटर हाय."

"तेच ते." देवरावांनी तीन नंबर आणि चार नंबरच्या कॉम्प्युटरचं अंतर टेपने मोजलं, भिंतीपासूनचं मोजलं आणि रजिस्टरमध्ये लिहिलं. "दोनी एकाच वाणाचे हायेत का?"

"एकाच दिवशी घेतले, काका. आतून बाहेरून सारके," साजिद म्हणाला. "हा तीन नंबर, विंडोज. हा चार नंबर, लिनक्स. गेम तोच. अन् कोपऱ्यातला हा आकडा पाहा. एका सेकंदात पडदा किती खेप नवं चित्र काढते, ते हा सांगते. साठ आला तं ट्रॅक्टर झकास. वीसच्या आसपास आला का उड्या मारते."

"म्हंजे साठ आला तं सोळा आणे पीक," देवरावांनी लिहून घेतलं. "तीन फेऱ्या करू. दर फेरीत एकाच मानसानं पाळीपाळीनं दोनी नांगराचे. अन् नांगरनार कोन?"

"मी," साजिद आणि ललित एकदम म्हणाले.

"तुमी दोघं बी नाई. ज्याच्या मनात काई नाई असा मानूस पाह्यजे."

मधल्या दारात हलीमाबी शेवया वाळत घालून हात पुसत उभ्या होत्या. देवरावांनी त्यांच्याकडे बोट केलं. "वहिनी, तुमी या."

"मी? मले तं टीवीचा रिमोट समजत नाई!"

"म्हनूनच तं पाह्यजे."

हलीमाबी पदर खोचून खुर्चीवर बसल्या. कोणतं बटण दाबलं की पुढे आणि कोणतं दाबलं की वळण, हे साजिदने त्यांना दोनदा सांगितलं. पहिल्याच सरीला त्यांनी एक कोंबडी चिरडली, "या अल्ला!" म्हणून कपाळावर हात मारून घेतला आणि त्यानंतर असा काही ट्रॅक्टर हाणला, की ललितही तोंडात बोट घालून पाहत राहिला.

पहिल्या फेरीला चिठ्ठी टाकली. देवरावांनी चार नंबरच्या शेजारी बसायचं असं निघालं. ते बसतात न बसतात तोच गफ्फार पुढे गेले आणि कालच तयार झालेला मोठा कूलर चाकांवरून ढकलत घेऊन आले. मेचा महिना, दारी आलेला पाहुणा आणि घर कूलरवाल्याचं! त्यांनी कूलर नेमका देवरावांच्या तोंडासमोर लावला, त्यात बादलीभर पाणी ओतलं आणि बटण दाबलं. ताज्या गवताचा ओला वास खोलीभर पसरला. देवरावांनी डोळे मिटून एक मोठा श्वास घेतला.

आकडे आले. चार नंबर एक्केचाळीस. तीन नंबर तेवीस.

"पाह्यलं, अब्बा?" साजिद उडालाच. "जवळपास दुप्पट! लिनक्स हाय हे!"

"थांब ना बे," ललितला घाम फुटला. "एका फेरीनं काय होते? बाबा, तुमी लिनक्सच्या बाजूनं बसले. तुमचा हात लागला असन कुठी."

मुलाने केलेला हा आरोप देवरावांना लागला. ते उठले आणि तीन नंबरच्या शेजारी जाऊन बसले. "आता हिकडून पाहातो. कोनी बोलाले नाई पाह्यजे." गफ्फारांनीही लगेच कूलर तिकडे ढकलला. पाहुणा घामात बसला तर त्यांच्या जिवाला चैन पडली नसती.

दुसरी फेरी. तीन नंबर बेचाळीस. चार नंबर बावीस.

"आता बोल!" ललितने टेबलावर थाप मारली.

साजिदचा चेहरा उतरला, पण हट्ट गेला नाही. त्याने वायरी अदलाबदल केल्या. पडदे बदलले, कीबोर्ड बदलले, पिना काढून उलट्यापालट्या लावल्या, टेबलाखाली शिरून धूळ खाल्ली. हे सगळं करायला तास गेला. तेवढ्यात जेवणाची वेळ झाली आणि गफ्फारांनी देवरावांना दारापाशी खाटेवर बसवून त्यांच्यापुढे ताट मांडलं. "तुमी इथूनच पाहा. जेवता जेवता फेरी होऊन जाईन." अर्थात कूलरही दारापाशी आला.

तिसरी फेरी सुरू झाली आणि या खेपेला दोन्ही ट्रॅक्टर लंगडले. तीन नंबर वीस, अठरा करत करत तेरावर आला. त्यानंतर चार नंबरचा आकडा पंधरावर आला, दहावर आला आणि मग आतून फट्ट असा आवाज होऊन पडदा काळा झाला.

"मेलं!" हलीमाबी ओरडल्या. "माया हातून काई झालं का?"

चार नंबर गेला म्हणजे लिनक्स गेलं, खोली गेली, सगळंच गेलं. साजिद डब्याजवळ गुडघ्यावर बसला. हलीमाबींनी खाली वाकून डब्यावर हात ठेवला आणि चटकन मागे घेतला.

"अरे, हा तं तवा झाला! याच्यावर पापड भाजतीन!" मग त्यांनी तीन नंबरला हात लावला, दारातल्या कूलरकडे पाहिलं आणि खाटेवर जेवत असलेल्या देवरावांकडे पाहिलं. चार मुलं वाढवलेली आणि तीस वर्षं कूलरवाल्याच्या घरात नांदलेली बाई ती. "मी सांगू का? भाऊ जिकडं बसले, कूलर तिकडं गेला. कूलर जिकडं गेला, ते मशीन पळालं. आता भाऊ दारात बसले, तं दोनी मेले."

देवरावांनी ताट बाजूला सरकवलं. बत्तीस वर्षांच्या नोकरीत असं कधी झालं नव्हतं, की पाणी फक्त मोजणाऱ्याच्या पायाशी पडलं आणि त्याला ते कळलं नाही.

"अब्बा, कूलर बंद करा," साजिद म्हणाला. "मंग पुन्हा तीन फेऱ्या करू. बरोबरीचा सामना होईन."

"काय?" गफ्फारांचा आवाज चढला. "मेहमान दारात बसला हाय, बाहेर आग पडून राहिली, अन् मी कूलर बंद करू? गफ्फार कूलरवाला? अमरावतीत तोंड दाखवता येईन का मले?"

"अब्बा, पाचच मिनिटं!"

"पाच सेकंद बी नाई!"

"मंग दोन कूलर लावा, दोन्हीकडं," ललितने सुचवलं.

"दुसरा तयार नाई. ताट्यांत गवत भराचं हाय अजून."

गवत म्हणताच साजिदच्या डोक्यात काहीतरी चमकलं. त्याने पेचकस घेतला आणि चार नंबरच्या डब्याची एक बाजू खोलली. सगळे वाकून पाहायला लागले. आत पंखा असायला हवा होता. त्याच्या जागी वाळक्या गवताचा एक गोळा बसलेला होता. पुढे ताट्या भरताना उडालेलं गवत दोन वर्षं मधल्या दारातून आत येत राहिलं होतं आणि डब्याने ते श्वासाबरोबर आत ओढून घेतलं होतं. ललितने तीन नंबर खोलला. तिथेही तेच. हलीमाबींनी पाचव्या डब्याला बाजूने फुंकर मारली आणि त्यांना जोराची शिंक आली.

"हे तं तुमचंच गवत हाय," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

गफ्फारांनी एक काडी हातात घेऊन बोटांनी चोळून पाहिली. आपला माल ते ओळखत होते. त्यांनी काडी खिशात ठेवली.

देवरावांनी हात धुतले, खाटेवर बैठक मारली आणि रजिस्टर उघडलं. त्यांचा चेहरा आता मित्राचा राहिला नव्हता, सरकारी झाला होता. पेन्सिलीने बराच वेळ हिशेब करून त्यांनी घसा साफ केला आणि पंचनामा वाचायला सुरुवात केली.

"मौजे राजापेठ. प्लॉट नंबर तीन, विंडोज. फेऱ्या तीन. सरासरी सव्वीस. पैसेवारी त्रेचाळीस. प्लॉट नंबर चार, लिनक्स. तिसऱ्या फेरीत पीक पूर्ण नष्ट. सरासरी एकवीस. पैसेवारी पस्तीस."

ललितने टाळी वाजवली. "म्हंजे विंडोज जितलं!"

साजिद उठला. बोललेला शब्द होता, पाळणं भाग होतं. त्याने एक नंबरच्या कॉम्प्युटरची पिन काढली, वायर गुंडाळायला लागला. हलीमाबींनी तोंड फिरवलं. गफ्फार खिशातली काडी चाचपत जमिनीकडे पाहत होते. जिंकूनही त्यांना गोड लागत नव्हतं, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

"कावून उठला तू?" देवराव म्हणाले. "माया पंचनामा संपला का?"

साजिद थांबला.

"जितनं-हारनं हे पन्नासच्या वर असते, बेटा. पन्नासच्या आत कोनी जितत नाई. पन्नासच्या आत फक्त मदत असते." देवरावांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि पुढे वाचलं. "दोन्ही प्लॉट पन्नास पैशांच्या आत असल्याने सदर खोली दुष्काळग्रस्त जाहीर करण्यात येत आहे. नुकसानीचे कारण, शेजारील कारखान्यातून उडालेले गवत. खोली रिकामी करण्याच्या कारवाईस स्थगिती. नुकसानभरपाई म्हणून कारखानदाराने एक मोठा कूलर या खोलीत कायमचा लावून द्यावा."

"अरे, पन माया शब्द..." गफ्फार म्हणाले.

"शब्द तुया, पंचनामा माया. सही कर."

गफ्फारांनी रजिस्टर हातात घेतलं. बराच वेळ वाचल्याचं नाटक करून त्यांनी मोठ्या अक्षरांत सही केली. सही करताना त्यांच्या दाढीत हसू लपलं होतं, पण ते फक्त हलीमाबींना दिसलं. "सरकारी कागद हाय," ते म्हणाले. "मानूस काय करन?"

दुसऱ्याच दिवशी सहाही डबे झाडून-पुसून साफ झाले, चार नंबर पुन्हा सुरू झाला, मधल्या दाराला ओला पडदा लागला आणि मोठा कूलर खोलीच्या मधोमध बसला. आठवड्याभरात दर्यापूर-परतवाड्याची पोरं परत आली. काही खेळायला येत, काही नुसतीच कूलरपुढे बसायला. साजिदला मात्र एकाच गोष्टीची रुखरुख होती. लिनक्स बरं की विंडोज, हे ठरलंच नव्हतं. सामना पुन्हा घ्या म्हणून त्याने देवरावांना चार वेळा निरोप धाडला. "एका हंगामात एकच प्रयोग," असं उत्तर चारही वेळा आलं.

गफ्फारांना मात्र नवा छंद लागला. कूलरचं गिऱ्हाईक आलं की ते त्याला थेट मागे नेत. आधी कूलर बंद करून चार नंबरच्या कोपऱ्यातला आकडा दाखवत. मग कूलर सुरू करून आकडा कसा चढतो ते दाखवत. आकडा कशाचा हे ना त्यांना सांगता येई ना गिऱ्हाइकाला कळे, पण चढता आकडा पाहिला की माणूस कूलर घेऊनच जात असे.

जूनच्या सुरुवातीला दर्यापूरकडून मोतीराम नावाचे एक गृहस्थ आले. त्यांनी आकडा चढताना दोनदा पाहिला, कूलरची ताटी दाबून पाहिली आणि विचारात पडले.

"चीज तं झकास हाय," ते संकोचून म्हणाले. "पन आमच्या घरी कॉम्प्युटर नाई. तरी चालन ना कूलर?"

गफ्फार तोंड उघडणार एवढ्यात साजिद उभा राहिला. इतके दिवस दाबून ठेवलेलं त्याला आता राहवेना. "चालन ना, काका. पन खरी गार हवा पाह्यजे असन तं संगं लिनक्स घ्या."

मोतीरामांनी गफ्फारांकडे पाहिलं. "ते अलग घ्या लागते का?"

गफ्फारांनी एकदा मुलाकडे पाहिलं, एकदा चार नंबरच्या आकड्याकडे पाहिलं आणि कूलरवर हात ठेवला.

"नाई नाई," ते म्हणाले. "गफ्फार कूलरसंगं ते फुकट राह्यते."